अन्यभाषेचं दान आजही आहे का? गावातल्या लहान मंडळीनं हा प्रश्न कसा हाताळायचा

पेन्टेकॉस्टचा, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या आठवणीचा रविवार जवळ आला की आमच्या इकडच्या मंडळ्यांमध्ये हा विषय निघतेच. कुठंतरी उन्हाळी कन्वेन्शन झालेलं राहते, तिथून चार पोरंपोरी भारावून येतात, घरच्या प्रार्थनेत एखादी अन्यभाषेत, म्हणजे आत्म्यानं दिलेल्या, स्वतः न शिकलेल्या भाषेत बोलायला लागते, बाजूचे काकाजी डोळे उघडून पाहतात की हे काय सुरू आहे, आणि पुढच्या रविवारपर्यंत मंडळीत दोन पार्ट्या झालेल्या राहतात. एक म्हणते हे दान प्रेषितांसोबतच, म्हणजे येशूनं पाठवलेल्या पहिल्या शिष्यांसोबतच संपलं, दुसरी म्हणते ज्याला अन्यभाषा नाही त्याला पवित्र आत्माच मिळाला नाही. वीस-पंचवीस घरांची मंडळी, त्यात अशी फूट पडली तर मागं उरते काय? म्हणून हे लिहून राहिली आहे, मंडळीचे वडील, पास्टर, महिला मंडळ चालवणाऱ्या बाया, तरुण संघाची पोरं, जे कोणी याच्यात अडकले आहेत त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच सांगते. मला वाटते देव हे दान आजही देते, पण सगळ्यांना देत नाही, म्हणून ते कोणावर लादायचं नाही आणि कोणाचं दाबायचंही नाही. तुमचं मत याच्या उलट असलं तरी पुढं वाचा, कारण उपासनेत काय करायचं हे प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात इतकं साफ लिहून ठेवलं आहे की दोन्ही बाजूच्या माणसाला ते पाळता येते.

आधी सगळ्यांनी मिळून वाचा

वाद सुरू झाला की जो तो आपली पाठ असलेली एक ओळ फेकते. ते बंद करा. एक संध्याकाळ ठरवा, कापूस वेचणीचे दिवस सोडून, म्हणजे बाया थकलेल्या नसतील, आणि प्रेषितांची कृत्ये 2, 10 आणि 19 हे तीन अध्याय आणि 1 करिंथ 12 ते 14 एका बैठकीत मोठ्यानं वाचून काढा. ज्यांना वाचता येत नाही त्या आज्यांनाही पूर्ण ऐकू गेलं पाह्यजे. मध्ये कोणी समजावून सांगायचं नाही, पास्टरनंही नाही. दीड तासाच्या आत होते.

वाचताना एक गोष्ट लक्षात येईल की सगळीकडचं वर्णन सारखं नाही. यरुशलेमेत पेन्टेकॉस्टच्या दिवशी बाहेरगावचे यहूदी जमले होते, पार्थी, मेदी, एलामी, मिसरातले, रोमातले, आणि त्यांना आपापल्या भाषेत ऐकू आलं, म्हणजे तिथं खऱ्याखुऱ्या भाषा होत्या. कैसरियात कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी आणि इफिसात त्या सुमारे बारा माणसांवर आत्मा उतरला तेव्हा ते अन्यभाषांत बोलले एवढंच लिहिलं आहे, कोणत्या भाषा ते सांगितलं नाही. आणि करिंथात तर पौल म्हणते की असा माणूस माणसांशी नाही, देवाशी बोलते, कोणाला कळत नाही, म्हणून अर्थ सांगणारा लागते. आता हे सगळं एकच दान आहे का वेगवेगळं, याच्यावर शिकलेल्या लोकांचंही एकमत नाही. निदान कृत्ये 2 दाखवून करिंथातल्या प्रार्थनेला खोटं म्हणू नका आणि करिंथ दाखवून कृत्ये 2 ला गुंडाळून ठेवू नका.

दुसरं, 1 करिंथच्या 12 व्या अध्यायाच्या शेवटी पौल विचारते, सगळेच अन्यभाषा बोलतात काय? उत्तर नाही असंच आहे. हा एकच प्रश्न जर मंडळीत नीट ऐकला गेला तर अर्ध भांडण तिथंच थांबते.

समोरच्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐका

ज्यांना वाटते दान संपलं, ते अविश्वासी नाहीत. त्यांच्याजवळ कारणं आहेत. इफिस 2:20 मध्ये प्रेषित आणि संदेष्टे हा पाया म्हटला आहे, आणि पाया एकदाच घातला जाते. इब्री 2 मध्ये चिन्हं-चमत्कार हे पहिल्या साक्षीदारांना देवानं दिलेला दुजोरा म्हणून येतात. 1 करिंथ 13 मध्ये भाषा संपतील असं सरळ लिहिलं आहे. आणि इतिहासही त्यांच्या बाजूनं बोलते, चौथ्या शतकाच्या शेवटी योहान क्रिसोस्टम या मोठ्या उपदेशकानं करिंथच्या पत्रावर बोलताना कबूल केलं की या गोष्टी आता घडत नाहीत म्हणून हा भाग समजायला अवघड जाते. त्याच काळातल्या ऑगस्टीन या बिशपनंही अन्यभाषा हे त्या काळापुरतं चिन्ह होतं असं म्हटलं. अमेरिकेत बी. बी. वॉरफिल्ड यांनी 1918 मध्ये हाच विचार पुस्तकातून पक्का मांडला आणि आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मंडळ्यांमध्ये तोच शिकवला गेला.

दान सुरू आहे म्हणणाऱ्यांचीही कारणं ऐका. 13 व्या अध्यायातच पौल सांगते की पूर्ण ते येईल तेव्हा अपुरं ते जाईल, आणि लगेच म्हणते तेव्हा आपण समोरासमोर पाहू. समोरासमोर पाहणं तर प्रभू आल्यावरच होईल, मंग दान आधीच कसं संपलं? 1 करिंथ 1:7 मध्ये मंडळी प्रभूच्या प्रगट होण्याची वाट पाहते आणि तोवर तिला कोणत्याही दानाची कमी नाही असं आहे. पेत्रानं पेन्टेकॉस्टला सांगितलं की हे वचन तुम्हाला, तुमच्या लेकरांना आणि दूर असलेल्या सगळ्यांना आहे. आणि दुसऱ्या शतकात इरेनियस नावाचा बिशप लिहिते की त्याच्या काळात मंडळीतले बंधू आत्म्यानं नाना भाषा बोलत होते, म्हणजे प्रेषित गेल्यावर लगेच बंद पडलं असं काही दिसत नाही.

मला दुसरी बाजू जास्त वजनदार वाटते, खासकरून समोरासमोर पाहण्याची गोष्ट. पण क्रिसोस्टमचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. मंडळीच्या कितीतरी शतकांत हे दान क्वचितच दिसलं, हे खरं आहे आणि ते मान्य केल्याशिवाय प्रामाणिकपणे बोलता येत नाही.

एक काम करजा. दान संपलं म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्या बाजूची कारणं सांगायला लावा, आणि दुसऱ्याला त्याची. मनापासून, चेष्टेत नाही. आवाज आपोआप खाली येते.

आपल्या मातीतला इतिहास माहीत पाह्यजे

लोक म्हणतात हे अमेरिकेतलं खूळ आहे. अमेरिकेत झालं हे खरं, 1901 ला कॅन्ससच्या टोपेका गावात चार्ल्स पारहम यांच्या बायबल शाळेत ॲग्नेस ओझमन नावाची बाई अन्यभाषेत बोलली आणि 1906 ला लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या काळ्या उपदेशकाच्या सभांमधून ते जगभर गेलं. पण आपल्या महाराष्ट्रात, दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 लाच मोठं संजीवन (आत्मिक जागृती) सुरू झालं होतं. दुष्काळातून वाचवलेल्या विधवा आणि पोरी तिथं राहत, त्या रडून पापं कबूल करत, तासन्‌तास प्रार्थना करत, आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत त्यातल्या काही जणी अन्यभाषेत प्रार्थना करायला लागल्याच्या नोंदी आहेत. तिथं काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी या संजीवनावर एक छोटं पुस्तक लिहिलं, ते त्यांनी चिलीतल्या मैत्रिणीला पाठवलं आणि तिथल्या मेथोडिस्ट मंडळीत 1909 ला जे संजीवन आलं त्यात त्या पुस्तकाचा हात होता. म्हणजे केडगावच्या पोरींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचली! हे आपल्या लेकरांना कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटते.

आणि रमाबाई काय म्हणाल्या ते ऐका. त्यांनी 1907 मध्ये लिहिलं त्याचा मतलब असा, की पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खरी आणि सगळ्यात गरजेची खूण म्हणजे प्रीती, पण आजार बरे करणं, अन्यभाषा, संदेश देणं ही दानंही टाकून द्यायची नाहीत. हजारो बायापोरी ज्यांच्या छपराखाली होत्या त्या बाईनं इतकं तोलून लिहिलं. आज जो कोणी येऊन तुमच्या मुलीला सांगते की तू भाषा बोलली नाही म्हणजे तुझ्यात आत्मा नाही, त्याला रमाबाईंचं हे म्हणणं शांतपणे सांगजा.

आपल्या विदर्भातल्या मंडळ्यांचंही असंच वेगवेगळं आहे. अकोला, अमरावती, खामगावकडच्या अलायन्स मंडळीची जी मूळ संस्था, तिनं 1963 ला आपली भूमिका लिहून काढली ती थोडक्यात अशी की मागं लागू नका आणि मनाई करू नका. बुलडाणा-वाशिमकडं नाझरीन मंडळी आहे, तिच्या नावात सुरुवातीला पेन्टेकॉस्टल हा शब्द होता, पण अन्यभाषावाल्यांशी गल्लत होऊ नये म्हणून 1919 ला तो काढून टाकला. असेम्ब्लीज ऑफ गॉड या पेन्टेकॉस्टल मंडळीनं 1916 च्या विश्वासपत्रात अन्यभाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची पहिली खूण असं मांडलं. कॅथोलिकांमध्येही 1967 पासून ही दानं मानणारे करिस्मॅटिक प्रार्थना गट आहेत. तर तुमच्या गावात लग्न होऊन आलेली सून वाशिमची असेल आणि तरुण संघाचा लीडर पेन्टेकॉस्टल कन्वेन्शनहून आलेला असेल तर दोघं वेगळं बोलणारच, त्यात कोणाची नियत खराब आहे असं धरून चालू नका.

ही कोणती भाषा आहे ते तपासायचं का?

कोणी जर दावा केला की ही अमुक देशाची भाषा आहे, तर हो, तपासा. दावा केला नाही तर काही गरज नाही.

1907 ला गार नावाचं एक अमेरिकन जोडपं कलकत्त्याला आलं, नवऱ्याची खात्री होती की आत्म्यानं त्याला बंगाली दिली आहे आणि आता शिकल्याशिवाय प्रचार करता येईल. बंगाली लोकांना काही कळलं नाही. तेव्हापासून गार यांनी तो दावा सोडला, पण अन्यभाषेतली प्रार्थना सोडली नाही. मला हे फार आवडते, कारण त्यांनी खोटं रेटलं नाही. पुढं 1972 मध्ये विल्यम समारिन या भाषाशास्त्रज्ञानं बऱ्याच रेकॉर्डिंगांचा अभ्यास छापला, त्यात दिसलं की अशा बोलण्यात माणसाच्या भाषेची घडण नसते, बोलणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेतलेच आवाज फिरून फिरून येतात. आता याच्यानं प्रार्थना खोटी ठरते असं नाही, पण ती अरबी किंवा हिब्रू आहे असं सांगत फिरणं मात्र खोटं ठरते.

आपल्याकडं तर तपासणं सोपं आहे. मेळघाटात कोरकू बोलणारे आहेत, यवतमाळकडं कोलामी आणि गोरमाटी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, पांढरकवडा-सिरोंचाकडं तेलुगू. कोणी म्हणलं की ती बाई तेलुगूत बोलली, तर मंडळीतल्याच किंवा शेजारगावच्या तेलुगू माणसाला विचारा. त्याला कळलं तर देवाची स्तुती करा, नाही कळलं तर तो दावा तिथंच सोडा आणि त्या बाईला लाजवू नका. चोरून मोबाईलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हे मात्र अजिबात नाही, कोणाची प्रार्थना अशी बाजारात मांडायची नसते.

रविवारच्या उपासनेचा नियम

हे लिहून काढा, कागदावर, आणि वडिलांच्या सह्या घ्या. बाकी सगळं 1 करिंथ 14 मध्ये तयार आहे. एका उपासनेत मोठ्यानं अन्यभाषेत बोलायचं तर दोघं, फार तर तिघं, तेही एकामागून एक, एकदम नाही. कोणीतरी अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा नसेल तर त्या माणसानं मंडळीत गप्प राहायचं, मनात देवाशी बोलायचं. घरी, वावरात, पहाटे एकट्यानं प्रार्थना करताना हे बंधन नाही, तिथं त्यानं खुशाल करावी.

अडचण इथं येते की अर्थ सांगणारा आहे का नाही हे आधी कसं कळणार. म्हणून माझ्या मते असं करजा, ज्याला बोलायचं आहे त्यानं सुरुवातीलाच वडिलांना सांगायचं आणि स्वतःही अर्थ मिळावा म्हणून प्रार्थना करायची, कारण 14:13 तेच सांगते. एकदा अर्थ आला की तो वचनाशी ताडून पाहायचा. अर्थ म्हणून जर निघालं की अमक्याची जमीन तमक्यानं घ्यावी, किंवा या पोरीचं लग्न त्याच घरी करा, किंवा मंडळीनं अमुक पास्टरला पैसे द्यावे, तर तो अर्थ बाजूला ठेवा. देवाच्या नावानं कोणाच्या घरातले निर्णय घ्यायचे नाहीत.

काही जण म्हणतील की बायांनी मंडळीत बोलूच नये, तिथंच 14 व्या अध्यायात लिहिलं आहे. त्यांना अकरावा अध्याय दाखवा, तिथं बाया प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे पौल गृहीत धरून चालते. आमच्या इकडं प्रार्थना जिवंत ठेवणाऱ्या बहुतेक बायाच आहेत, त्यांचं तोंड बंद करण्यासाठी हा वाद वापरू नका.

आणि पौलाची ती मोजणी विसरू नका, तो स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त अन्यभाषा बोलत होता तरी म्हणते की मंडळीत दहा हजार न कळणाऱ्या शब्दांपेक्षा समजेल असे पाच शब्द बरे.

शिकवणं, ढकलणं, हात डोक्यावर दाबणं

हे थांबवा. काही सभांमध्ये लेकरांना सांगतात की हालेलुया हालेलुया लवकर लवकर म्हणत राहा, जीभ सैल सोडा, येईल. दहावी-बारावीची पोरं, आजूबाजूच्या सगळ्यांना आलं आणि आपल्याला नाही म्हणून घाबरून काहीतरी आवाज काढतात, मंग घरी येऊन रडतात की मी देवासमोर नाटक केलं. दान म्हणजे दान, ते सराव करून काढायचं नसते. पौल लिहिते की आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे वाटून देते. मागायला हरकत नाही, 14 व्या अध्यायात तर दानांची उत्कंठा धरा असंच आहे, पण नाही मिळालं म्हणून कोणी कमी होत नाही. 2006 च्या प्यू या अमेरिकेतल्या सर्वे करणाऱ्या संस्थेच्या दहा देशांतल्या सर्वेमध्ये सहा देशांत असं निघालं की पेन्टेकॉस्टल म्हणवणाऱ्यांमध्येच दर दहांत चार किंवा जास्त लोक कधीच अन्यभाषेत बोलत नाहीत. हे त्या रडणाऱ्या पोरांना सांगा, बरं वाटते त्यांना.

शेजारी आणि दवाखाना

टिनाच्या घरात उपासना असली की आवाज सगळ्या गल्लीत जाते. आपल्या गावात लोकांनी अंगात आलेलं पाहिलेलं आहे, देवीच्या नवरात्रात, त्यांना हे तसंच वाटते, आणि मंग म्हणतात यांच्यातही अंगात येते. पौलाला हेच भेव होतं, बाहेरचा माणूस आत आला तर तुम्ही वेडे झाले म्हणणार नाही काय. म्हणून कूलर-पंख्याच्या आवाजावर मात करायला लाऊडस्पीकर लावून अन्यभाषेची प्रार्थना करू नका, आणि शेजाऱ्यानं विचारलं तर टाळू नका, सरळ सांगा की ही देवाची स्तुती आहे, कोणावर करणी नाही, कोणाला बोलावणं नाही.

फरक ओळखायची एक खूण 14:32 मध्ये आहे, संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या ताब्यात असतात. म्हणजे ज्याला दान आहे तो थांबू शकते. हलकेच खांद्यावर हात ठेवून आता थांब बाई म्हटलं तर थांबली पाह्यजे. जी थांबू शकत नाही, डोळे फिरतात, हातपाय झटकते, शुद्ध जाते, किंवा रात्र रात्र झोपत नाही आणि आवाज ऐकू येतात म्हणते, तिला डॉक्टरकडं न्या. ते फिट असू शकते, मनाचा आजार असू शकते, दोन्हीवर औषध आहे. प्रार्थना करा, जरूर करा, पण गाडीत बसून करा. साप चावला असेल तर तर एक मिनिटही थांबायचं नाही, चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडे करणं तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, आणि आपल्या प्रार्थनेनंही कोणाचा दवाखाना चुकता कामा नये.

बाहेरचा प्रचारक येणार असेल तेव्हा

सगळ्यात जास्त गडबड याच्यातूनच होते. तारीख देण्याआधी फोनवरच विचारून घ्या, तुम्ही अन्यभाषेबद्दल काय शिकवता, आत्मा मिळाल्याची तीच एक खूण मानता का, लेकरांवर हात ठेवून बोलायला लावता का. आपला नियमाचा कागद वाचून दाखवा आणि विचारा, हे पाळाल का? पाळतो म्हणलं तर बोलवा, मतं वेगळी असली तरी. आढेवेढे घेतले तर नम्रपणे नाही म्हणा, मंडप-वर्गणी गोळा झाली असली तरी. आणि आलेल्यानं सभेत कागद मोडला, तर सगळ्यांसमोर भांडण नको, पण मोठ्या वडिलांनी उठून एक गाणं सुरू करावं आणि सभा तिथून पुढं आपल्या हातात घ्यावी. सभा उठल्यावर ज्यांच्या डोक्यावर हात ठेवले होते त्या लेकरांच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन बसा, काय वाटलं ते त्यांना बोलू द्या.